शोपँचं जी मायनर बॅलाड: कोडाला आत्ता हात घालावा की थांबावं?

उशिरा_सुरू

मंडळी, इथे गायन-वादनावर ढीगभर धागे आहेत, पण पियानोवर शोधून दोनच सापडले. त्यातला एक 'विकणे आहे' सदरातला. म्हणून नवीन काढतेय.

पुण्यात राहते. चाळिशीत पियानो सुरू केला, परीक्षा देत देत आठवी ग्रेड झाली. आता परीक्षा नको, एखादी मोठी रचना मनासारखी बसवायची, असं ठरवून शोपँचं पहिलं बॅलाड घेतलंय, ओपस २३. सर म्हणाले, घ्या, पण घाई करू नका.

रचना एकूण २६४ बारची (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक खण). २०७ पर्यंतचं हळूहळू हाताखाली आलंय. बरं वाजतं असं म्हणणार नाही, पण न अडखळता पोचते. २०८व्या बारला 'प्रेस्तो कॉन फुओको' (अतिजलद, आवेशाने) सुरू होतं, तोच कोडा, म्हणजे रचनेचा समारोपाचा भाग, आणि तिथे सगळं संपतं. निम्म्या वेगात सगळे सूर बरोबर येतात. वेग वाढवला की पानाच्या मध्यापर्यंत उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतो. मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) काटा रोज थोडा थोडा वर नेला, एका आकड्याला तो अडकला तो अडकलाच.

हे कसं सोडवायचं? की माझ्यासारखीने हे सोडूनच द्यावं? शिवाय कुठली प्रत वापरता? माझ्याकडे नेटवरून उतरवलेली जुनी मिकुलीची प्रत आहे. सातव्या बारमध्ये एक सूर माझ्या प्रतीत आणि सरांच्या प्रतीत वेगळा आहे, तेही कुणी सांगा.

नाक्यावरचा

मला पेटी येते, तीही आरतीपुरती. तरी पहिल्या रांगेत बसलोय. चालू द्या.

डावा_हात

ताई, सोडू नका. मी मुंबईत शिकवतो. अर्ध्या वेगात सगळं येतं आणि पुढे दगड होतो, हे दर दुसरा विद्यार्थी सांगतो. बहुतेकांचं कारण एकच असतं. हळू वाजवताना तुम्ही जी हालचाल पक्की केलीत ती वेगात चालणारी हालचालच नाही. हळू असताना प्रत्येक बोट वेगळं उचलायला, प्रत्येक सूर वेगळा दाबायला वेळ मिळतो. वेगात तो मिळत नाही, मग हात जुनीच हालचाल जबरदस्तीने उरकू पाहतो आणि आवळतो. मेट्रोनोमने एकेक पायरी चढून हे सुटत नाही. त्या जिन्याला वरचा मजलाच नाही.

म्हणून उलटं करा. अर्धा बार घ्या. फक्त अर्धा. तो पहिल्या दिवसापासून जवळजवळ पूर्ण वेगात, पण अगदी हलक्या आवाजात वाजवा आणि थांबा. हात मांडीवर सोडा. पुन्हा तेवढाच. मग पुढचा अर्धा, मग दोन्ही अर्धे जोडून. थांबण्याची जागा दर वेळी पुढे सरकवत न्यायची. हात सैल आहे का, हे त्या थांब्यात तपासायचं.

उजव्या हातात खरं तर दोन कामं आहेत. वरचे सूर करंगळी आणि अनामिकेकडे, आतले अंगठ्याच्या बाजूला. वरची ओळ एकटी वाजवून बघा, ज्या बोटांनी शेवटी वाजवणार त्याच बोटांनी. त्या गदारोळात एक चाल दडलेली आहे हे पहिल्यांदा तिथे ऐकू येतं. आणि मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे झुलायला हवं. सगळा भार करंगळीच्या एकट्या स्नायूवर टाकला तर तो अर्ध्या पानात संपावर जातो.

डाव्या हातात उड्या आहेत, खालचा बास आणि वरचे कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर). तिथे एक जुना उपाय: बास वाजवा, झपकन कॉर्डवर पोचा, पण दाबू नका. बोटं नुसती पट्ट्यांवर टेकवा, बरोबर जागी आहेत का बघा, मग दाबा. उडी लवकर आणि दाबणं उशिरा. असं दोन आठवडे केलंत तर डोळे उजव्या हाताकडे ठेवूनही डावा जागेवर पडतो.

आणखी एक. कोडाआधीच्या २०६व्या बारला शोपँने 'इल प्यू फोर्ते पॉसिबिले' लिहिलंय, शक्य तितकं मोठ्याने. सगळे तिथे इतका जोर लावतात की कोडा सुरू व्हायच्या आतच हात दमलेला असतो. मग दोष कोडाला. तो 'शक्य तितका' आवाज खांद्याच्या आणि पाठीच्या वजनातून काढा, बोटं आवळून नाही. कोडाचे पहिले काही बार तर माझे विद्यार्थी मध्यम आवाजातच वाजवतात. आधीच्या गर्जनेमुळे ऐकणाऱ्याला ते मोठेच वाटतात.

मडगावकर

डावा_हात यांचं तंत्राबद्दलचं सगळं मान्य. पण मी वेगळं सांगणार, रागावू नका.

आठवी ग्रेड आणि हे बॅलाड यांच्यात फार मोठी दरी आहे. मधल्या पायऱ्या कुणी सांगत नाही. आम्ही गोव्यात लहानपणी चर्चच्या गायनवृंदाला साथ करत शिकलो, नंतर कला अकादमीत. तिथे आधी शोपँचे प्रेल्यूड करायला लावायचे. ओपस २८ मधला २२वा जी मायनरमध्येच आहे, जेमतेम एका मिनिटाचा, डाव्या हाताला सलग ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम). त्यानंतर सी मायनर नॉक्टर्न, ओपस ४८ मधलं पहिलं. त्याच्या शेवटच्या भागात वेग दुप्पट होतो आणि कॉर्डच्या गर्दीतून चाल वर ठेवावी लागते. अगदी हेच कौशल्य कोडाला लागतं. हे दोन नीट बसले की बॅलाड अर्धं सोपं होतं.

नाहीतर काय होतं? दोन वर्षं एकाच रचनेशी झुंजायचं, ती धड होत नाही, आणि ज्या पंधरा रचना झाल्या असत्या त्याही राहतात. शोपँ स्वतः शिष्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सराव करू नका म्हणत असे. आणि हो, त्याने नवशिक्यांना सी मेजर स्केलने सुरुवात करून दिली नाही. बी मेजर आधी, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर पडली की हात आपोआप नैसर्गिक बसतो. कोडात बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ शार्प सारखे येतात. तिथे बोटं पट्ट्यांच्या टोकाशी ठेवून वाजवत असाल तर हात सतत आत-बाहेर करणार. थोडं आत सरकून बसवा, काळ्या पट्ट्यांच्या मधे.

उशिरा_सुरू

दोघांचे आभार. मडगावकर, पट्ट्यांच्या टोकाशीच वाजवत होते! आज हात आत घेतला, लगेच फरक जाणवला.

पण पंधरा रचनांचं पटलं नाही. मला पंधरा नकोत. विशीत असते तर गोष्ट वेगळी.

डावा_हात

मडगावकर, पायऱ्यांबद्दल बरोबर आहात, पण प्रौढ विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा असतो. ज्या रचनेसाठी माणूस रात्री दहानंतर पियानोपाशी बसतो ती काढून घेतली की तो बसतच नाही. २२वा प्रेल्यूड सोबत घ्यायला हरकत नाही, एका मिनिटाचाच आहे. बॅलाडच्या *ऐवजी* मात्र नको.

मडगावकर

सोबत चालेल. ऐवजी नको हे तुमचं मत, माझं राहूदे माझ्यापाशी.

कोमल_रिषभ

मी गाणारी. पियानोत गती नाही, पण धागा वाचून दोन-तीनदा ऐकलं आणि सुरुवातीला अडकले. उशिरा_सुरू यांनी विचारलेला सातव्या बारचा सूर आमच्या भाषेत मांडून बघते, चुकलं तर सांगा.

जी मायनर म्हणजे सा = जी धरा. रचना साने सुरू होतच नाही. दोन्ही हात एकत्र, कॉर्डचा आधार नाही, आणि येतं काय, तर ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट. म्हणजे कोमल रे, शुद्ध म, कोमल ध. सा दाखवलेलाच नाही! ऐकणारा कोमल रिषभालाच सा समजून बसतो. मग हळूहळू खाली येत सातव्या बारला कॉर्ड थांबतो. त्यात डी आणि जी आहेत, म्हणजे प आणि सा, आणि वर ई फ्लॅट. म्हणजे कोमल ध. पंचमाला खेटून कोमल धैवत धरून ठेवलाय आणि सोडवलेला नाही. आमच्याकडे असा धैवत आंदोलित लावला असता. इथे पट्टी आहे, तो हलू शकत नाही, नुसता बोचत राहतो.

तुमच्या दोन प्रतींत फरक आहे तो याच सुराचा का?

उशिरा_सुरू

हो!! एकीत ई फ्लॅट, दुसरीत डी.

डावा_हात

ई फ्लॅटच वाजवा. शोपँच्या हस्तलिखितात तोच आहे. जुन्या काही संपादकांना तो कर्कश वाटला, लिहिताना चूक झाली असेल असं धरून त्यांनी डी छापला. डी वाजवलात तर कॉर्ड गुळगुळीत होतो आणि प्रस्तावनेला शेवटी पडलेला प्रश्नच नाहीसा होतो. कोमल_रिषभ ताईंनी म्हटलं तसा तो बोचायलाच हवा.

आणि पुढे बघा. ६८व्या बारच्या आसपास दुसरी चाल येते, हळू, दबक्या आवाजात. ती कुठल्या स्केलमध्ये? ई फ्लॅट मेजर. सातव्या बारला जो कोमल ध अधांतरी सोडला तोच इथे सा होऊन बसतो. हे योजून केलं की कानाने झालं, त्यावर वाद घाला, पण वाजवणाऱ्याला एवढं कळलं की तो कॉर्ड घाईत सोडायची इच्छाच होत नाही.

प्रतींचं म्हणाल तर हेन्लेची किंवा एकिएर यांनी संपादित केलेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती घ्या. मिकुली शोपँचा शिष्य होता, त्याची प्रत टाकाऊ नाही, फिंगरिंगसाठी जवळ ठेवा. पियानोवादक कोर्तोची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. अवघड जागांसाठी त्याने स्वतंत्र व्यायाम लिहून दिलेत, कोडासाठी तर भरपूर. सगळे करू नका. आपल्या हाताला जे बोचतात तेवढे दोन-तीन निवडा. मुंबईला येणं झालं तर धोबी तलावला फुर्तादो या वाद्यांच्या दुकानात विचारा, नाहीतर मागवावी लागेल.

पश्चिमेची_सासुरवाशीण

लाइपझिगहून लिहितेय, राहवलं नाही म्हणून.

हे बॅलाड १८३६ साली आमच्याच गावात छापलं गेलं, ब्राइटकोफ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडे. अर्पण केलंय श्टॉकहाउझेन नावाच्या सरदाराला, तो पॅरिसमध्ये हॅनोव्हरचा राजदूत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात शोपँ इथे येऊन संगीतकार शुमानला भेटला. शुमानने मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे की तुमच्या सगळ्या रचनांत मला हीच सगळ्यात आवडते असं त्याने शोपँला सांगितलं. शोपँ बराच वेळ गप्प राहिला, मग ठासून म्हणाला की मलाही हीच सगळ्यात प्रिय आहे. पुढे शुमानने 'क्राइस्लेरियाना' शोपँला अर्पण केलं आणि शोपँने दुसरं बॅलाड शुमानला.

इथल्या संग्रहालयात त्या काळचे पियानो बघायला मिळतात. शोपँचा लाडका प्लेयेल कंपनीचा पियानो आजच्या पियानोपेक्षा पट्टीला हलका. पट्टी कमी खोल जायची, आवाजही लहान. ताई, तुमचा हात दगड होतो त्यात थोडा वाटा या यंत्राचाही आहे, एवढं समाधान करून घ्या. त्याने आजच्या कॉन्सर्ट ग्रँडच्या वजनासाठी लिहिलेलं नाही.

नाक्यावरचा

मी आज ऐकलं. साडेनऊ मिनिटं. आधीची आठ मिनिटं माणूस आठवणी सांगत होता आणि मग अचानक त्याच्या घराला आग लागली असं वाटलं. आता सांगा, कुणाचं ऐकू? नेटवर शेकड्याने आहेत.

डावा_हात

झिमरमनचं, १९८७ सालचं. इतकं काटेकोर की शिकणाऱ्याला धडकी भरते. रुबिनस्टाइनचं १९५९चं अधिक माणसाळलेलं, माझं आवडतं. कोर्तोचं १९३३चं ऐकाल तर चुकीचे सूर ऐकू येतील, त्याकडे काणाडोळा करा. तो वाक्य कुठे तोडतो ते ऐका. हॉरोविट्झ बारा वर्षांच्या अज्ञातवासानंतर १९६५ साली कार्नेगी हॉलमध्ये परतला, त्या कार्यक्रमातही हे होतं. त्या रात्रीचा कोडा म्हणजे… जाऊ दे, ऐका.

नवीनांमध्ये चो सोंग-जिन, २०१५च्या वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेचा विजेता. त्याची चारही बॅलाड आहेत.

उशिरा_सुरू, तुम्ही मात्र सध्या ऐकू नका. निदान कोडा तरी. त्यांचा वेग कानात बसला की सरावाला बसल्या बसल्या हात तोच मागतो.

कोमल_रिषभ

पहिल्या चालीतली लय कळत नाही. प्रतीत ६/४ (बारमध्ये सहा मात्रा) लिहिलंय म्हणतात, पण प्रत्येक जण वेगळीकडे थांबतो. हे मनाला येईल तसं का?

डावा_हात

मनाला येईल तसं नव्हे, पण तसं वाटावं असं. शोपँचे शिष्य लिहून गेलेत की तो डाव्या हाताला वाद्यवृंदाचा संचालक म्हणायचा. तो लय सांभाळेल, उजव्याने हवं तर मागे राहावं, पुढे जावं. तुम्ही ठेका धरलेल्या तबल्यावर विलंबित गाता, शब्द मात्रेच्या मागेपुढे टाकता, समेला येता. तेच. (माझ्या टोपणनावाचा उगम आता कळला असेल.)

या रचनेला शोपँने मेट्रोनोमचा आकडा दिलेला नाही. नुसतं 'मोदेरातो', मध्यम गती. शिकणारे पहिलं पान फार हळू वाजवतात, भाव आणायला. मग कोडाला पोचेपर्यंत वेग चौपट करावा लागतो. पहिली चाल चालती ठेवा. अर्धी अडचण तिथेच सुटते.

उशिरा_सुरू

थोडी प्रगती सांगते. अर्ध्या बारचा उपाय लागू पडतोय. पूर्ण पान अजून नाही, पण पहिल्या दोन ओळी वेगात आणि हात सैल ठेवून जातात. गंमत म्हणजे आता १३८पासूनचा वॉल्ट्झसारखा भाग जास्त छळतोय, तो आधी झालाय म्हणून मी बाजूला ठेवला होता. कोडाच्या नादात मधलं गंजलं.

दुसरं, आमच्याकडे पाऊस सुरू झाला आणि पट्ट्या जड झाल्यात. दोन तर दाबल्या की वर यायला वेळ घेतात. माझा जुना अपराइट (उभा पियानो) आहे. डिजिटलवर सराव करू का तोवर?

मडगावकर

पावसाचं आम्हाला विचार! लाकूड आणि फेल्ट ओल पितं, पट्ट्यांच्या आतली फेल्टची अस्तरं फुगतात, म्हणून पट्टी अडकते. आमच्याकडे जुने लोक अपराइटच्या खालच्या कप्प्यात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवायचे, पावसाळाभर. उष्णतेने आतली हवा कोरडी राहते. आता एलईडी लावून लोक म्हणतात उपाय चालत नाही. अहो, तो तापतच नाही! जुना तारेचा बल्ब हवा, लाकडापासून आणि फेल्टपासून लांब, आणि वायर नीट असलेला. नाहीतर पियानोत बसवायची हीटरची कांडी मिळते, ती ट्यूनरकडून लावून घ्यायची. पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवला असशील तर आधी तो पुढे ओढ.

डावा_हात

डिजिटल कोडाच्या उड्यांना चालेल, अंतरं तीच असतात. दुसऱ्या चालीला नको. तिथे पेडल अर्धवट सोडून कॉर्ड धूसर ठेवायचे असतात, ते स्वस्त डिजिटलवर येत नाही. आणि हेडफोन लावून 'शक्य तितकं मोठ्याने' म्हणजे आवाजाचं बटण फिरवणं. त्याची सवय लागली तर खऱ्या पियानोवर हात खोल जात नाही.

मधलं गंजण्याबद्दल: रोज सुरुवातीपासून वाजवू नका. चिठ्ठ्या करा, बार ३६, ६८, १०६, १३८, १६६, १९४, २०८. उचलाल त्या जागेपासून सुरू करा. या सगळ्या सांध्यांच्या जागा आहेत. १०६ला दुसरी चाल ए मेजरमध्ये गर्जत येते, १६६ला परत ई फ्लॅटमध्ये, आणि १९४ला पहिली चाल येते. म्हणजे चाली उलट्या क्रमाने परततात. हे ध्यानात ठेवलं तर पाठ करतानाही कुठे आहोत ते सुटत नाही.

पश्चिमेची_सासुरवाशीण

हात दुखत असेल तर मात्र हे सगळं बाजूला. थकणं वेगळं, दुखणं वेगळं. सकाळी उठल्यावरही दुखलं तर थेट फिजिओकडे.

उशिरा_सुरू

नाही, दुखत नाही, फक्त थकतो. बल्ब लावला, पट्ट्या सुटल्या!

शेवटचा प्रश्न. अगदी शेवटच्या पानावर स्केल दोनदा वर धावते. पहिली जमते. दुसरीत उजवा हात बी फ्लॅटपासून आणि डावा जीपासून, म्हणजे दोघांत दहा सुरांचं अंतर, आणि प्रत्येक वेळी मध्येच हात एकमेकांपासून सुटतात. एकेकटे दोन्ही बरोबर येतात.

डावा_हात

कारण अंगठे एकत्र पडत नाहीत. जी मायनर तुम्ही शिकायला लागल्यापासून दोन्ही हात जीवरून सुरू करून वाजवलीत. तिथे जीवर दोन्ही अंगठे भेटतात, हाताला त्या भेटीची सवय आहे. इथे उजवा दोन सूर पुढे आहे. डाव्याचा अंगठा डी आणि जीवर, उजव्याचा सी आणि जीवर, पण वेगवेगळ्या क्षणी. वेग बाजूला ठेवा. डाव्याचा अंगठा पडेल तिथे थांबा, उजव्याचं कुठलं बोट आहे ते बघा. मग उजव्याचा अंगठा पडेल तिथे थांबा. एका सप्तकात अशा मोजून चार जागा आहेत. त्या चार जागा पाठ झाल्या की मधले सूर आपोआप भरतात.

आणि दोन्ही स्केलनंतर जे संथ कॉर्ड आहेत त्यांना पूर्ण वेळ द्या. सगळे तिथून पुढच्या ऑक्टेव्हकडे पळतात. त्या कॉर्डवर हात सैल करायला मिळणारी ती शेवटची जागा आहे.

मडगावकर

आणि ऑक्टेव्ह सुरू करताना खांदे खाली. प्रेल्यूड क्रमांक २२ सुरू केलास की नाही?

उशिरा_सुरू

केला. डावा हात बोंबलतोय.